रक्तदाबासाठी जवस आणि इतर बिया: घ्यायच्या कशा आणि गुण तपासायचा कसा

उच्च रक्तदाब असलेल्या अनेक घरांत गोळ्यांच्या पाकिटाशेजारी एखादी बियांची बरणीही असते. कोणाकडे जवसाची पूड असते, कोणाकडे कलौंजी, कोणी रात्री मेथीदाणे भिजत घालतो, तर कोणी या सगळ्यांचे मिश्रण असलेली कॅप्सूल मागवतो. या बियांपैकी कोणत्या बीमागे कितपत पुरावा आहे, ती घ्यायचीच असेल तर कशी घ्यावी आणि तिचा आपल्याला खरोखर गुण येतो आहे का हे घरी कसे पडताळावे, याची माहिती येथे दिली आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवूनच बियांचा प्रयोग करावा. गोळीच्या जागी बी घेऊ नये. बियांमुळे रक्तदाब उतरला तर गोळीचा डोस कमी करण्याचा निर्णय डॉक्टर घेतील, आणि तो त्यांनीच घ्यावा.

कोणती बी निवडावी

माणसांवर झालेल्या अभ्यासांचा विचार केला तर सर्वांत भक्कम आधार जवसाला आहे. कॅनडातील विनिपेग येथे पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज ३० ग्रॅम दळलेला जवस पाव, मफिन यांसारख्या पदार्थांतून दिला गेला आणि दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे, पण जवस नसलेले पदार्थ मिळाले. सहा महिन्यांनंतर जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० मिलिमीटरने आणि खालचा सुमारे ७ मिलिमीटरने कमी आढळला. ज्यांचा वरचा आकडा सुरुवातीलाच १४० किंवा त्याहून अधिक होता त्यांच्यात घट आणखी मोठी, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटरची होती. यातले बरेच रुग्ण रक्तदाबाची औषधे आधीपासून घेत होते आणि प्रयोगाच्या काळातही घेत राहिले, हे मात्र जाहिरातींत कधी वाचायला मिळत नाही.

एवढ्यावरून प्रत्येकाचा रक्तदाब १० मिलिमीटरने उतरेल असे समजू नये. जवसावरचे अनेक लहानमोठे प्रयोग एकत्र करून काढलेली सरासरी घट बरीच कमी, म्हणजे वरच्या आकड्यात सुमारे २ ते ३ मिलिमीटर इतकीच भरते. तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगांत परिणाम जास्त स्पष्ट दिसला, आणि जवसाच्या तेलापेक्षा दळलेला जवस सरस ठरला. तेलात ओमेगा-३ प्रकारचे मेदाम्ल भरपूर असले तरी बीमधला तंतूंचा भाग आणि लिग्नन नावाची द्रव्ये त्यात जवळजवळ उतरत नाहीत, हे त्यामागचे एक कारण असू शकते. म्हणूनच महागड्या तेलाच्या कॅप्सूलपेक्षा किराणा दुकानातला सुटा जवस घ्यावा असे मला ठामपणे वाटते.

जवसाच्या खालोखाल कलौंजीचा क्रमांक लागतो. दिवसाला एक-दोन ग्रॅम पूड आठ आठवड्यांच्या आसपास देऊन केलेल्या प्रयोगांत वरचा आकडा सरासरी ३ मिलिमीटरने उतरल्याचे दिसते. घेताना बी ओळखून घ्यावी. कलौंजीचा दाणा काळाभोर, कोनदार आणि चोळल्यावर तीव्र वास येणारा असतो; चटणीसाठी आपण वापरतो ते कारळे लांबट आणि चकचकीत असतात, त्यांचा या अभ्यासांशी संबंध नाही. इसबगोलाच्या भुशीनेही वरचा रक्तदाब सुमारे २ मिलिमीटरने कमी होतो असे दिसले आहे, आणि बद्धकोष्ठतेसाठी ती घेणाऱ्यांना हा जोडलाभ आपोआपच मिळतो. मेथी आणि तीळ यांच्यावरचे अभ्यास लहान व परस्परांशी न जुळणारे आहेत. अळिवाचा रक्तदाबावरचा परिणाम प्रामुख्याने उंदरांवर तपासला गेला आहे, त्यामुळे अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी जरूर करावेत, पण रक्तदाबाचा उपाय म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. त्यातल्या गुळा-तुपाचा हिशोबही विसरू नये.

जवस तयार करण्याची रीत

आपल्याकडे जवस हे रब्बीचे जुने पीक आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात ज्या घरी भाकरी रोज होते त्या घरी जवसाची चटणी नवीन नाही. या सवयीचा फायदा घेता येतो, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: बी दळलेली असावी आणि मीठ आवरलेले असावे.

जवसाचे टरफल गुळगुळीत आणि चिवट असते. अख्खा दाणा नीट चावला गेला नाही तर तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि आतल्या मेदाम्लांचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून पूड करणे आवश्यक आहे. जवस आधी निवडून घ्यावा, कारण सुट्या जवसात बारीक खडे आणि काड्या असतात. लोखंडी कढईत मंद आचेवर तो हलवत राहावे. थोड्याच वेळात दाणे तडतडू लागतात आणि खमंग वास सुटतो. तेवढ्यात आच बंद करून जवस ताटात पसरावा. काळपट होईपर्यंत भाजू नये, पण हलके भाजणे जरूर करावे, कारण कच्च्या जवसात अल्प प्रमाणात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेने कमी होतात. जवस पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये घालावा आणि थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवल्यास भांडे तापते, तेल सुटते आणि पुडीचे गोळे बनून पात्याखाली चिकटतात.

एका वेळी आठवड्यापुरतीच पूड करावी. जवसातले मेदाम्ल हवा आणि उजेड लागताच लवकर खवट होते. रंगकामात वापरतात ते अळशीचे तेल याच बीचे असते आणि खवट पुडीला तसाच रंगासारखा वास येतो. तो वास आला किंवा पूड जिभेला कडू लागली तर ती फेकून द्यावी. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास पूड चांगली राहते. अख्खा जवस मात्र कोरड्या डब्यात काही महिने सहज टिकतो, त्यामुळे खरेदी अख्ख्या बीची करावी आणि तयार पुडीची पाकिटे टाळावीत.

आता मिठाविषयी. १०० ग्रॅम जवसाच्या चटणीत दोन चहाचे चमचे मीठ घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. दोन चमचे म्हणजे १० ते १२ ग्रॅम मीठ होते. मिरची, लसूण, जिरे धरून चटणीचे वजन १३० ग्रॅमच्या आसपास जाते. अशी चटणी कोणी औषध म्हणून रोज ३० ग्रॅम खाल्ली तर तिच्यातूनच अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराच्या एकूण मिठाची सुचवलेली मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, म्हणजे निम्मे मीठ चटणीतच संपते, आणि भाजी, आमटी, पापड, लोणचे अजून बाकी असतात. मीठ कमी केल्याने उतरणारा रक्तदाब बियांनी उतरणाऱ्या रक्तदाबापेक्षा कमी नसतो, अनेकदा जास्तच असतो. तेव्हा जवसाच्या नावाखाली मीठ वाढवणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. चटणी करायची तर तेवढ्या जवसाला अर्धा चमचा मीठ पुरते. चव लसूण, जिरे, कढीपत्ता आणि थोड्या आमसुलाने आणावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बिनमिठाची पूड वेगळी ठेवून ती ताकात, दह्यात, कोशिंबिरीत किंवा भाजीत दाण्याच्या कुटाऐवजी घालणे. कणकेत किंवा ज्वारीच्या पिठात मिसळली तरी चालते.

प्रमाण ठरवताना घाई करू नये. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक चहाचा चमचा पूड पुरे. पोट फुगणे, गुडगुडणे, शौचाला जास्त वेळा जावे लागणे असे काही न जाणवल्यास दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत १५ ते २० ग्रॅमपर्यंत जावे. प्रयोगांतले ३० ग्रॅमचे प्रमाण ज्यांना मानवेल त्यांनी तिथपर्यंत जायला हरकत नाही, पण ३० ग्रॅम जवसातून सुमारे १६० कॅलरी मिळतात, हे लक्षात ठेवावे. त्या दुसरे काहीतरी कमी करून भरून काढल्या नाहीत तर वजन वाढेल आणि वाढलेले वजन रक्तदाबही वाढवेल. वजनकाटा असेल तर एकदा ३० ग्रॅम पूड मोजून ती आपल्या घरच्या चमच्याने किती चमचे भरते हे पाहून ठेवावे, कारण घरोघरचे चमचे सारखे नसतात. पुडीबरोबर पाणी भरपूर प्यावे. जवस आणि इसबगोल दोन्ही पाणी शोषून फुगतात, आणि पाणी कमी पडले तर पोट साफ होण्याऐवजी अडते.

गोळ्यांशी मेळ कसा घालावा

बियांतला चिकट तंतू पोटात औषधाभोवती गुंडाळला जातो आणि औषधाचे शोषण मंदावू शकते. म्हणून गोळी आधी घ्यावी आणि बियांची पूड किमान एक-दोन तासांनी घ्यावी. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर जवस दुपारच्या जेवणातच ठेवावा.

रक्त पातळ करणारी औषधे, उदाहरणार्थ वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन, चालू असतील तर मोठ्या प्रमाणात जवस, कलौंजी किंवा मेथी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल तर आपण काय घेतो ते आधी सांगावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर मेथी आणि कलौंजीने आणखी खाली जाऊ शकते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांची बाब अधिक नाजूक आहे. जवसात पोटॅशियम आणि फॉस्फरस बरेच असते, आणि टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधेही शरीरातले पोटॅशियम वाढवतात. हे दोन्ही एकत्र आले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. अशा रुग्णांनी रक्ततपासणी आणि डॉक्टरांची संमती यांशिवाय पूरक म्हणून कोणतीही बी घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी, तसेच स्तनाच्या कर्करोगासारख्या संप्रेरकांशी संबंधित आजाराचे उपचार घेणाऱ्यांनीही जवस चटणीपुरताच ठेवावा आणि त्याहून जास्त प्रमाण स्वतःहून सुरू करू नये.

डॉक्टरांना सांगताना "काहीतरी आयुर्वेदिक घेतो" एवढे सांगून भागत नाही. बरणी, पाकीट किंवा कॅप्सूलची डबीच सोबत न्यावी.

तयार कॅप्सूल आणि चूर्ण विकत घेताना

शक्य असेल तर एकाच बीचे, एकच घटक असलेले उत्पादन घ्यावे. मिश्रणातल्या घटकांची नावे शेवटपर्यंत वाचावीत आणि तीन गोष्टी विशेष करून शोधाव्यात.

पहिली गोष्ट सर्पगंधा. ही बी नसून मूळ आहे, पण रक्तदाबाच्या अनेक चूर्णांत ती असते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या वनस्पतीकडे गेले; पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषध वेगळे काढण्यात आले. एका भारतीय वनस्पतीने आधुनिक वैद्यकाला इतके मोठे औषध दिले याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा, पण त्याच कारणाने तिच्याविषयी सावधही राहायला हवे. सर्पगंधा रक्तदाब खरोखर उतरवते, आणि तिच्यामुळे नाडी मंदावणे, नाक चोंदणे आणि मन खोल उदास होणे असे त्रासही खरोखर होतात. आधीच दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाने बियांचे चूर्ण समजून नकळत तिसरे औषध घेणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट ज्येष्ठमध. नियमित आणि जास्त प्रमाणात घेतल्यास ते शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. खोकल्याला कधीतरी चघळलेल्या तुकड्याने हे होत नाही. रोजच्या चूर्णाने होऊ शकते. तिसरी गोष्ट म्हणजे सैंधव आणि काळे मीठ. ही दोन्ही मीठच आहेत, आणि ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे त्याने पाचक चूर्णातून ती घेणे इष्ट नाही.

अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक उत्पादनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो, तर आयुर्वेदिक औषधावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. यांपैकी काहीच नसेल तर ती वस्तू घेऊ नये. "रक्तदाब कायमचा बरा" असा दावा करणारी जाहिरात तर पाहताक्षणी बाजूला ठेवावी. औषधे आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आपल्याकडे आहे, आणि ज्या आजारांवर अशा बरे करण्याच्या जाहिराती करता येत नाहीत त्यांच्या यादीत उच्च व कमी रक्तदाबाचा समावेश आहे. जो विक्रेता पहिल्याच ओळीत कायदा मोडतो त्याच्या कॅप्सूलमध्ये काय भरले आहे याची खात्री कोण देणार?

गुण येतो आहे का, हे कसे पाहावे

या भागात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून तो सावकाश वाचावा. बी सुरू करण्याच्या आधीचा एक आठवडा फक्त मोजमापासाठी ठेवावा. दंडावर बांधायचे यंत्र वापरावे. मनगटावरची यंत्रे तितकी भरवशाची नसतात. पट्टा दंडाच्या मापाचा असावा, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटा वाढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाठीला टेकू देऊन, दोन्ही पावले जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा. मोजत असताना बोलू नये. नुसत्या गप्पांनीसुद्धा आकडा १० मिलिमीटरने वर जाऊ शकतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि हे सकाळी गोळी घेण्यापूर्वी व संध्याकाळी जेवणापूर्वी करावे. सातही दिवसांचे सगळे आकडे वहीत लिहावेत, नको वाटणारा आकडा गाळू नये, आणि शेवटी पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी. घरी मोजताना ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला मानतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० आहे.

त्यानंतर बी सुरू करावी आणि निदान तीन महिने दुसरे काहीही बदलू नये. बीबरोबरच चालणे, मीठ कमी करणे आणि नवी गोळी हे सगळे एकदम सुरू केले तर श्रेय कशाचे हे कधीच कळणार नाही. अर्थात चालणे आणि मीठ कमी करणे याला तीन महिने थांबवून ठेवावे असे नाही. ते आधी सुरू करावे, आकडा स्थिरावू द्यावा आणि मग बीचा प्रयोग करावा. बारा आठवड्यांनी वरच्याच पद्धतीने पुन्हा एक आठवडा मोजून सरासरी काढावी.

येथे दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे ऋतू. थंडीत रक्तदाब वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. विदर्भातल्या माणसाने जानेवारीत जवस सुरू केला आणि मे महिन्यात मोजले तर काही घट निव्वळ उन्हामुळे दिसेल. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा एखादा मोठा आकडा. माणूस उपाय शोधायला लागतो तो सहसा यंत्राने १७० दाखवले त्या दिवशी. पुढे काही केले नाही तरी तो आकडा बहुधा खाली येतोच, आणि श्रेय मात्र बीला जाते. म्हणून तुलना एका आकड्याची एका आकड्याशी करू नये, आठवड्याच्या सरासरीची सरासरीशी करावी. तरीही २-३ मिलिमीटरचा फरक एका माणसाच्या वहीत ओळखू येणे कठीण आहे, कारण रोजची चढउतार त्याहून मोठी असते. ८-१० मिलिमीटरचा फरक असेल तर तो दिसेल. फरक दिसला नाही म्हणून चटणी सोडण्याचे कारण नाही, ती चांगले अन्न आहेच. महिन्याला हजार रुपयांची कॅप्सूल मात्र तेव्हा बंद करावी.

केव्हा थांबावे आणि केव्हा धावावे

बी सुरू केल्यावर उठताना चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा वरचा आकडा वारंवार १०० च्या खाली दिसत असेल, तर बी थांबवून वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा श्वासाला त्रास झाला तर ती ॲलर्जी समजून लगेच उपचार घ्यावेत. तीळ आणि जवस यांची ॲलर्जी काही जणांना असते.

रक्तदाब १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल, तर घरात कोणताही काढा किंवा चूर्ण देण्यात वेळ घालवू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. असे कोणतेही लक्षण नसेल तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. गोळ्यांचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी बियांवर भागवत असेल, तर रक्तदाबाची नेहमीची औषधे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथे नाव नोंदवून गोळी सुरू ठेवावी आणि जवस तिच्या जोडीला घ्यावा.